राखणीच्या कोंबड्यांचे डॉक्टर

परशुराम डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगावं लागलं की खुद्द परशुरामांनाही त्याचा वीट आला. गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं परिचराची नोकरी केली. परिचराने फरशी पुसायची, सुया उकळायच्या, बैलाचं तोंड धरायचं आणि डॉक्टर मागतील ते हातात द्यायचं, असा नियम. पण धामापूरच्या पलीकडच्या त्या आडगावात येणारा प्रत्येक डॉक्टर पहिल्या दिवशी राहायची खोली बघायचा, दुसऱ्या दिवशी मोबाइलची रेंज शोधायचा आणि तिसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज लिहायला बसायचा. मग गाय अडली की हात कोण घालणार? परशुराम. कोंबड्यांची साथ आली की घरोघर फिरून डोळ्यांत लस कोण टाकणार? परशुराम. असे अकरा डॉक्टर आले आणि गेले. बारावा आलाच नाही.

परशुराम निवृत्त झाले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि 'डॉक्टर' ही पदवी त्यांच्याबरोबर घरी आली. ती त्यांना मनापासून आवडायची, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणी नुसतं 'परशुरामा' म्हटलं तर त्यांना पहिली हाक ऐकू यायची नाही. त्यांची बायको यशोदा हे पुरतं ओळखून होती. ताट वाढून झालं की ती विचारायची, "डॉक्टरानू, आता जेवतास, की आधी भाताचो ताप बघतास?" आणि ते खरोखरच ताटातली फोड उलटून बघायचे, मगच तोंडात घालायचे. लग्नकार्यात यजमान त्यांना मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसवत. पहिल्या पंगतीत त्यांनी नाक मुरडलं असतं तर बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरला नसता.

त्यांचं खरं राज्य मात्र वर्षातून एकच दिवस असायचं. भातकापणी उरकली की वाडीतलं प्रत्येक घर राखणदाराला एक कोंबा, म्हणजे कोंबडा, देतं; हीच राखण. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा देव. त्याच्या झाडाखाली कोंबे कापायचे, तिथेच पुरुषांनी चुली मांडून शिजवायचे, तिथेच जेवायचं आणि हात धुवून घरी यायचं. त्यातला एक तुकडाही शिवेबाहेर जाता कामा नये. आणखी एक नियम असा की देवाला रोगट कोंबा द्यायचा नाही. कोंबा रोगट आहे की नाही हे कोणी सांगायचं, तर परशुरामांनी.

त्यासाठी झाडाखाली त्यांची खुर्ची मांडलेली असे. एकेक जण कोंबा काखेत धरून पुढे यायचा. परशुराम आधी तुऱ्याचा रंग बघत, मग चोच उघडून वास घेत, गळ्याखालची पिशवी दाबत, शेपूट वर करून बघत. शेवटी कोंबा खाली सोडून तो चालतो कसा ते बघत. मग निकाल. "चलात." नाहीतर, "चलाचो नाय." त्यावर अपील नव्हतं. नापास झालेल्या कोंबड्याच्या पायाला ते लाल चिंधी बांधत आणि त्याला बाजूला पालथ्या टोपलीखाली ठेवत. दवाखान्यात आजारी जनावराच्या कागदाला लाल पट्टी लावत, तीच ही सवय. तो कोंबा घरी नेऊन एकवीस दिवस इतरांपासून वेगळा बांधायचा, असा त्यांचा हुकूम होता. आपला कोंबा नापास झाला याची लोकांना मुलगा दहावीत नापास झाल्यापेक्षा जास्त लाज वाटायची. राखणीचे कोंबे कापणाऱ्या बाबलीचाच कोंबा दोन वर्षं लागोपाठ नापास झाला, तेव्हापासून तो परशुरामांशी बोलताना आंब्याच्या झाडाकडे बघून बोलत असे.

या राज्याला सुरुंग लावला तो दत्तप्रसादने. दत्तप्रसाद गावातला पुढारी; पाहुण्यांना राहायला खोल्या देण्याचा त्याचा धंदा. त्याने राखणीचं चित्रीकरण करून 'अस्सल कोकणी अनुभव' म्हणून इंटरनेटवर टाकलं. पाहुणे एकही आले नाहीत. तक्रार मात्र आली.

तक्रार तोंडवलीच्या अस्मिताताईंची होती. त्या मूळच्या पुण्याच्या. तीन दिवस समुद्र बघायला म्हणून तोंडवलीला आल्या आणि परतताना त्यांना वाटेत पाय बांधलेल्या कोंबड्यांनी भरलेली गाडी दिसली. त्या परतल्याच नाहीत. त्यांनी तिथे जागा घेतली, जाळी मारली आणि कापायला चाललेल्या कोंबड्या सोडवून आणून सांभाळायला सुरुवात केली. जागेचं नाव 'अभयांगण'. प्रत्येक कोंबडीला नाव, प्रत्येकीच्या खोक्यावर नावाची पाटी, उन्हाळ्यात पंखा. तोंडवलीच्या बायका पाणी भरून येताना मुद्दाम वाट वाकडी करून हा थाट बघायला जात. पण एक खरं की त्या बाईंचा जीव त्यात होता. कोंबडीच्या पायात काटा गेला तर तो काढेपर्यंत त्या चहा घेत नसत. गावात माणसाच्या पायातल्या काट्यासाठी एवढं कोणी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

तक्रार तीन कार्यालयांत गेली आणि तिन्ही कार्यालयांनी ती एकमेकांकडे पाठवली. ती फिरून फिरून दमली तेव्हा सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, एका सभागृहात बैठक ठरली. विषय: 'मांस तपासणी, अन्न सुरक्षा व प्राणी कल्याण'. परशुरामांनाही पत्र आलं. त्यावर 'संबंधित तपासनीस' असं छापलेलं होतं. ते वाचून ते दोन दिवस घरात तरंगत होते. यशोदाने शर्टाला इस्त्री करून दिली आणि सांगितलं, "थंय सायबाच्या चायत नाक घालून बघू नकात."

बैठकीत पहिला तास कोंबडा कोणाचा यावर गेला. पशुसंवर्धनाचे साहेब म्हणाले, जिवंत कोंबडा आमच्या अखत्यारीत येतो, पण कापल्यावर तो खाद्यपदार्थ होतो. अन्न सुरक्षेचे साहेब म्हणाले, शिजवल्यावर तो आमच्याकडे येतो हे मान्य, पण विक्री होत नसेल तर येत नाही. कापताना तो नेमका कोणाचा, याबद्दल मार्गदर्शन मागवायचं ठरलं. मग अस्मिताताईंनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि म्हणाल्या, "कोंबड्यालाही आई असते." यावर परशुरामांनी मान डोलावली. त्यांना ते माहीत होतं. कित्येक आयांना त्यांनी स्वतःच्या हाताने अंड्यांवर बसवलं होतं.

मधल्या सुट्टीत जेवणाचे डबे आले. चिकन बिर्याणी. अन्न सुरक्षेचे साहेब दोन डबे घेऊन बसले. परशुरामांनी एक फोड उचलून नाकाशी नेली आणि विचारलं, "साहेब, हा कोंबडा कोणी तपासला?" सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "अहो, सीलबंद डबा आहे." परशुरामांनी फोड खाली ठेवली आणि नुसता भात खाल्ला.

दुपारी त्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी तुरा, चोच, पिशवी, शेपूट सगळं क्रमाने सांगितलं. पशुसंवर्धनाच्या साहेबांनी विचारलं, "शिक्षण?"

"सातवी. पण चौतीस वर्षं..."

"म्हणजे नोंदणीकृत पशुवैद्यक नाही."

"नोंदणीकृत येतच नाहीत ना साहेब, म्हणून तर मी."

अस्मिताताई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे कोणी मरायचं हे हा माणूस खुर्चीत बसून ठरवतो? चेहऱ्यावर जरासुद्धा खंत नाही!" परशुरामांना सांगायचं होतं की मी नाही म्हणतो ते कोंबडे तर वाचतात. पण तोवर सभागृहात एकमत झालं होतं. दिवसभरात ते एकाच मुद्द्यावर झालं: परशुरामांनी तपासायचं नाही. दवाखान्यात डॉक्टर येईपर्यंत प्रत्येक मालकाने आपला कोंबडा निरोगी असल्याचं स्वयंघोषणापत्र भरून द्यावं, सोबत कोंबड्याचा फोटो जोडावा. एसटीतून परत येताना परशुराम खिडकीशी बसले होते, पण बाहेर त्यांनी काही बघितलं नाही. चौतीस वर्षांत सरकारने त्यांना दमडीचा मान दिला नव्हता हे त्यांना चाललं होतं. जो गावाने दिला होता तो काढून घेतला, हे मात्र त्यांना फार लागलं.

राखणीच्या दिवशी खुर्ची मांडलेली होती, पण तीवर दत्तप्रसाद बसला होता. मांडीवर अर्जांचा गठ्ठा. बाबलीने आपल्या कोंबड्याचा फोटो समोरून आणि बाजूने, असे दोन आणले होते. अर्जात 'वजन', 'वय' आणि 'वर्तणूक' असे रकाने होते. वर्तणुकीच्या पुढे बहुतेकांनी 'समाधानकारक' लिहिलं. अन्न सुरक्षेचे साहेब जातीने हजर होते.

परशुराम लांब दगडावर बसले होते. तपासायचं नाही असं सांगितलं होतं. बघायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. बाबलीच्या कोंबड्याने पंख पाडले होते, विष्ठा हिरवी होती आणि मान हळूच एका बाजूला वळत होती. त्याच्या शेजारच्याचंही तेच. मानमोडी. हा रोग एका खुराड्यात शिरला की सगळी वाडी पुसून काढतो. ते उठून पुढे आले.

"दत्तप्रसादा, हे दोन चलाचे नाय. मानमोडी आसा."

"अर्ज मंजूर झालोहा डॉक्टरानू," दत्तप्रसाद साहेबांकडे बघत म्हणाला.

"अर्जाक नाय झालीहा मानमोडी, कोंब्याक झालीहा!"

"परत माझोच कोंबो!" बाबली आंब्याकडे बघून ओरडला. "ह्यांका दुसऱ्या कोणाचो दिसतच नाय!"

परशुरामांनी कोणाचंही ऐकलं नाही. दोन्ही कोंबड्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या आणि त्यांना टोपलीखाली घातलं. बाबली हातघाईवर येणार, एवढ्यात अस्मिताताईंची गाडी आली. त्यांच्याबरोबर एक पोलीस आणि चित्रीकरण करणारी एक मुलगी होती. ताईंनी सगळीकडे नजर फिरवली. बाकीचे कोंबे मालकांच्या काखेत निवांत होते. दोघे तेवढे टोपलीखाली कोंडलेले, पायाला लाल चिंधी, माना टाकलेल्या. त्यांना वाटलं, बळी ठरले ते हेच. देवाच्या नावाचा लाल धागा त्यांनी पुण्यात पुष्कळ हातांवर बघितला होता.

"हे दोघं माझ्याबरोबर येणार," त्या म्हणाल्या आणि टोपली उचलली.

परशुराम आडवे आले. "बाई, त्यांका नेव नकात. आजारी आसत ते." मग बाई पुण्याच्या आहेत हे आठवून ते कचेरीच्या मराठीत शिरले. "सदर पक्षी संसर्गजन्य रोगाने बाधित असून, ते आपल्या कळपात सोडल्यास..."

"तुमच्या हातून सुटतायत म्हणून आजारी झाले का?"

परशुरामांनी आधारासाठी मागे वळून बघितलं. दत्तप्रसादला दोन कोंबड्यांत पोलीस, कॅमेरा आणि तक्रार तिन्ही मिटत होती. "न्या ताई, खुशाल न्या," तो म्हणाला. बाबलीचा कोंबा नापास न होता थेट वाचलेला ठरत होता, त्यामुळे त्याचा चेहरा दोन वर्षांत प्रथमच उजळला. साहेबांनी सही केलेला निरोगीपणाचा अर्जच ताईंच्या हातात दिला. देव, सरकार, बाजारपेठ आणि भूतदया या चौघांचं त्या झाडाखाली असं सुरेख जमलं की त्यात फक्त एका सातवी पास माणसाने तोंड घातलेलं कोणालाच आवडलं नाही. "गप रवा हो डॉक्टरानू," दत्तप्रसाद म्हणाला. गाडी गेली.

मग देवापुढे गाऱ्हाणं झालं. "बा राखणदारा, ओरोसच्या सायबाक बरी बुदी दी, त्यांच्या कागदाक वाट दी रे म्हाराजा," दत्तप्रसाद म्हणाला आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. जेवण शिजल्यावर साहेबांना नमुना हवा होता. नमुना शिवेबाहेर नेता येत नाही असं गावाने सांगितलं, तेव्हा साहेबांनी थोडा विचार केला आणि तो जागेवरच घ्यायचं ठरवलं. त्यांनी तीनदा नमुना घेतला. तिसऱ्यांदा रस्सा जास्त मागितला.

परशुराम जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुडाळहून थर्मासात बर्फ घालून लस आणली, यशोदाच्या आणि वाडीतल्या कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि तिथून थेट तोंडवलीची एसटी धरली. अभयांगणाचं फाटक बंद होतं. अस्मिताताई आतूनच बोलल्या.

"त्या दोघांना वेगळं तरी ठेवा," परशुराम म्हणाले. "मी लस टाकून देतो सगळ्यांना."

"ते आधीच घाबरलेत. त्यांना एकटं कोंडू? काका, तुम्ही मनाने वाईट नसाल. पण हातातून सुटलेला जीव परत मिळवायला माणसं काय काय बोलतात, हे मी बघितलंय."

दोन्ही कोंबडे अंगणात इतरांबरोबर दाणे टिपत होते. परशुराम जाळीला धरून बराच वेळ उभे राहिले. घरी आल्यावर यशोदा म्हणाली, "सांगलास मां? मगे तुमचा काम झाला." त्यांनी मान हलवली. काम झालं नव्हतं हे तिलाही कळत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी अस्मिताताईंची गाडी परशुरामांच्या अंगणात उभी राहिली. त्यांनी दवाखान्यात फोन केला होता. तो कुलूपबंद खोलीत वाजत राहिला. मदतवाहिनीने लेखी अर्ज करा म्हणून सांगितलं. अन्न सुरक्षेच्या साहेबांनी, जिवंत पक्षी हा माझा विषय नव्हे, असं सांगून मनःपूर्वक सहानुभूती कळवली. पुण्याच्या त्यांच्या संस्थेने हळदीचं पाणी द्यायला आणि मंद संगीत लावायला सांगितलं. संगीत दोन दिवस लावलं होतं.

"काका, चला," एवढंच त्या म्हणाल्या.

परशुरामांनी या क्षणासाठी गेले पाच दिवस एक वाक्य तयार ठेवलं होतं: 'मी सांगलेलंय.' ते अगदी जिभेवर होतं. पण बाईंच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ते त्यांनी बघितलं आणि वाक्य गिळलं. थर्मास घेतला, चुन्याची पिशवी घेतली. आणि एक वस्तू त्यांच्या घरात नव्हती, म्हणून ते बाबलीच्या दारात गेले. आयुष्यात त्यांनी एकही कोंबा कापला नव्हता. तो डॉक्टरांचा विषय नव्हे, असा त्यांचा तोरा असे. बाबलीने सुरी धुवून दिली आणि खाली बघून म्हणाला, "माझोच कोंबो तो."

अभयांगणात एकोणचाळीसपैकी एकोणीस उरल्या होत्या. काही खोक्यांवर पाट्या होत्या आणि आत काही नव्हतं. दोन-चार कोंबड्या माना पाठीवर उलट्या टाकून जागच्या जागी गोल फिरत होत्या. परशुराम ओट्यावर बसले आणि म्हणाले, "एकेक आणा."

त्या एकेक आणू लागल्या. आणताना नाव सांगत. "ही दीपिका." तुरा, चोच, पिशवी, शेपूट. "चलात." दीपिकाच्या डोळ्यात थेंब टाकून तिला पलीकडच्या स्वच्छ खोलीत ठेवलं. "ही आनंदी." "चलाची नाय." आनंदीला घेऊन परशुराम काजूच्या झाडामागे गेले आणि हात धुवून परत आले. पहिल्या वेळी परत येण्याआधी ते थोडं झाडाला टेकून उभे राहिले. रोग झालेला जीव असा तडफडत मरण्यापेक्षा हे बरं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. अस्मिताताईंनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. कागद मागितला नाही. शिक्षण विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटी त्यांनी सुभद्राला आणलं. एका पायाने अधू, म्हातारी, पांढरी कोंबडी. सोडवून आणलेली पहिली हीच. रोज दुपारी ताईंच्या मांडीवर झोपायची. परशुरामांनी तिला हातात घेतलं. तुरा ठीक होता. चोच उघडून त्यांनी वास घेतला. खाली सोडलं, ती लंगडत चार पावलं चालली आणि मान किंचित, अगदी किंचित, डावीकडे गेली. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नसतं. अस्मिताताई कोंबडीकडे बघतच नव्हत्या, त्या परशुरामांच्या तोंडाकडे बघत होत्या. आपला शब्द कोणीतरी असा निमूट मानावा, यासाठी परशुरामांनी सगळा जन्म घालवला होता, आणि आज समोरचं माणूस त्या एका शब्दासाठी उभं होतं. एकदा खोटं बोलावं, असं त्यांना वाटलं. फार वाटलं. पलीकडच्या खोलीत अकरा चांगल्या कोंबड्या होत्या. त्यांनी सुभद्राला पुन्हा उचललं आणि सगळं पहिल्यापासून तपासलं. एका कोंबडीला दोनदा तपासायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"ही चलाची नाय गो बाय," ते म्हणाले.

ताईंनी मान हलवली. परशुराम कोंबडी घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी ती दिली नाही.

"मी धरते तिला," त्या म्हणाल्या. "तिला माझी सवय आहे."

सुभद्राला छातीशी धरून त्या काजूच्या झाडाकडे चालू लागल्या. परशुरामांनी सुरी उचलली आणि ते त्यांच्या मागून गेले.